कलपुर्जाचं शेवटचं पान

कापसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या आदिलाबादेत रुई कुठे जाऊन बसेल त्याचा नेम नाही. चहात, मिशीत, चष्म्याच्या काडीत. किश्श्यांचंही तसंच असतं. ते कोणी मुद्दाम गोळा करत नाही. चार माणसं जिथे रोज बसतात तिथे आपोआप चिकटत जातात, आणि एक झटकायला गेलं की सोबत दुसरे दोन निघतात.

आमची चौघांची बैठक मल्लण्णाच्या सायकल दुकानापुढच्या बाकावर. मी सुधाकर, माझं वह्या-दप्तरांचं दुकान आहे. गौतम नार्नूरकडच्या सरकारी शाळेत मास्तर. प्रमिला कचेरीत क्लार्क. आणि दिगू, म्हणजे दिगंबर, शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाणी-मोटारी दुरुस्त करतो. चौघंही शाळेपासूनचे. आता केसांना कलप लावायचं वय झालं, पण बाकावर बसलो की विषय एकच. लहानपणी वाचलेल्या कॉमिकमधला एक रोबो. तोसुद्धा त्या पुस्तकाचा हिरो नव्हे, पाहुणा. चार पानांचा पाहुणा! आमच्या घरचे आमच्यापुढे हात टेकून बसलेत.

*

आधी मल्लण्णाचा नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

मल्लण्णा पंक्चर काढायचा आणि सोबत कॉमिक भाड्यानं द्यायचा. दुकानात आडवी सुतळी, सुतळीवर चिमट्यांनी टांगलेली हिंदी पुस्तकं. पोरं पुस्तकं नेत आणि परत आणत नसत. मग मल्लण्णानं डोकं चालवलं. नवं पुस्तक आलं की तो पहिलं काम कोणतं करायचा, तर शेवटचं पान सोडवून घ्यायचा आणि आपल्या डब्यात ठेवायचा. पुस्तक घरी न्या, वाचा, आणि शेवट हवा असेल तर पुस्तक परत घेऊन या. पुस्तक हातात पडलं की तो पान द्यायचा. तेही तिथेच, भिंतीकडे तोंड करून वाचायचं, म्हणजे मागच्याला फुकट दिसू नये. मूळचा तेलुगू माणूस, आमच्याशी मराठीच बोलतो, फक्त वाक्य संपलं की 'अंते' म्हणतो. अंते म्हणजे बस, विषय संपला.

आमचे एक हेडमास्तर होते. कॉमिक म्हटलं की छडी. एकदा त्यांनी गौतमच्या दप्तरातून पुस्तक जप्त केलं आणि टेबलाच्या खणात टाकलं. दोन दिवसांनी शाळेचा शिपाई मल्लण्णाकडे आला. "साहेबांनी त्या पुस्तकाचं शेवटलं पान मांगितलं."

मल्लण्णा म्हणाला, "पुस्तक आणा, पान घ्या. अंते."

संध्याकाळी हेडमास्तर स्वतः आले. धोतर, काळी टोपी, काखेत वर्तमानपत्र आणि वर्तमानपत्रात पुस्तक. भिंतीकडे तोंड करून त्यांनी पान वाचलं. आम्ही तिघं-चौघं पोरं सायकलींच्या मागे लपून बसलेलो. दुसऱ्या दिवशी वर्गावर आले, छडी टेबलावर ठेवली आणि खाकरून विचारलं, "याचा पुढला भाग कोणाकडे आहे?"

*

आता आमचा पाहुणा.

पुस्तकाचा हिरो आकाशकेतू. उडायचा, लाल मफलर बांधायचा. त्या एका पुस्तकात त्याच्या मदतीला कलपुर्जा नावाचा रोबो येतो. अंग पत्र्याच्या पिंपासारखं, चेहरा घरच्या रेडिओसारखा. डाव्या गुडघ्यात कायतरी अडकलेलं, त्यामुळे चालताना 'कर्र कर्र' आवाज, आणि चित्रकारानं तो आवाज प्रत्येक चौकोनात लिहिलेला. बोलणं एकच. कोणीही भेटो, शत्रू असो की म्हातारी, तो विचारणार, "कहो नागरिक, क्या कष्ट है?"

आमच्यात हे पुस्तक पहिल्यांदा नेलं दिगूनं. दिगूच्या डाव्या पायाला पोलिओ. लोखंडी पट्ट्यांचा बूट घालायचा, आणि तो बूटही चालताना वाजायचा. पुस्तक घेऊन तो शाळेत आला त्याच दिवशी एका दांडगट पोरानं चित्र पाहिलं, दिगूचा पाय पाहिला, आणि मैदानभर ओरडला, "ए कलपुर्जा!"

आम्हाला वाटलं, दिगू आता रडणार. दिगू सावकाश वळला, मान रेडिओसारखी ताठ केली आणि म्हणाला, "बोला नागरिक, काय कष्ट हाये?"

सगळं मैदान हसलं, पण त्या पोराला. दिगूला त्या दिवसापासून कोणी लंगड्या म्हटलं नाही. कलपुर्जा म्हणायचे, आणि तो ओ द्यायचा. मला तेव्हा त्याचा जो अभिमान वाटला तो अजून तसाच आहे.

आजही फोन उचलला की दिगू हेच म्हणतो. लग्नानंतर सासऱ्यांनी पहिल्यांदा फोन केला तर इकडून आवाज, "बोला नागरिक, काय कष्ट हाये?" सासरे गडबडले. म्हणाले, "कष्ट काई नाई जावईबापू, जराशी मोटार गरम होऊन राह्यली." खरं तर त्यांनी दिवाळीचं बोलवायला फोन केला होता. उटनूरकडचे शेतकरी अजून माझ्या दुकानात येऊन विचारतात, "नागरिक सेठ कुठं बसते?" मी हातानं दाखवतो.

*

त्या पुस्तकाचा शेवट मात्र दिगूनं वाचला नाही. कारण त्यानं पुस्तक परतच केलं नाही.

गोष्ट अशी की आकाशकेतू बेशुद्ध पडलेला, शहराच्या वरचं धरण फुटलेलं. कलपुर्जा जाऊन भगदाडात पाठ लावून उभा राहतो. पाणी छातीपर्यंत, मग गळ्यापर्यंत. शेवटच्या चौकोनात फक्त वर केलेला एक हात, आणि खाली लिहिलेलं, 'क्या कलपुर्जा बच पाएगा? पन्ना पलटिए.' पन्ना पलटला की मागचं कव्हर आणि त्यावर साबणाची जाहिरात.

मल्लण्णा वसुलीला जाणारा माणूस नव्हता. त्याचा नियम साधा, जुनं आल्याशिवाय नवं नाही. म्हणजे दिगूचं खातं तिथेच बंद पडलं. मग तो आमच्या पुस्तकांवर वाचायचा, आमच्या खांद्यावरून मान काढून. शेवटची पानं त्याला दिसत नसत. म्हणून आमच्यापैकी जो पुस्तक परत करी तो भिंतीकडे तोंड करून पान वाचून येई आणि बाकावर बसून दिगूला सांगे. आमची बैठक सुरू झाली ती अशी. इतरांच्या बैठकी पत्त्यांवरून सुरू होतात.

एकदा मी विचारलं होतं, "काऊन परत नाई करत बे? भेतं का मल्लण्णाले?"

दिगू म्हणाला, "पान त्याच्या डब्यात हाये तवरलोक थो जिता हाये."



*

गौतमच्या घरात पहिलं पुस्तक शाळेचं आलं आणि दुसरं मल्लण्णाचं. वडील दुसऱ्याच्या शेतात राबणारे, त्यांना वाटायचं दोन्ही अभ्यासाचीच. तेच पोरगं पुढे मास्तर झालं. विज्ञान शिकवायला त्यानं वर्गाच्या भिंतीवर माणसाएवढा कलपुर्जा रंगवला. कोपरात तरफ, खांद्यात कप्पी, गुडघ्यात चाक. पोरं फटाफट शिकली.

तपासणीला हैदराबादहून एक अधिकारी आले. कडक माणूस, तेलुगूतून प्रश्न विचारणारा. भिंतीपुढे थांबून त्यांनी एका मुलीला विचारलं, हा कोण? मुलीनं तरफ, कप्पी, चाक सगळं घडाघडा सांगितलं. साहेब खूश. जाता जाता तिनं जोडून दिलं, "आणि सर, हा धरणात उभा होता. वाचला का नाई ते आमच्या सरायले माहीत नाई."

साहेबांनी गौतमकडे पाहिलं. गौतमला सगळी गोष्ट सांगावी लागली. धरण, भगदाड, वर केलेला हात. साहेब खुर्ची ओढून बसले. माध्यान्ह भोजनाचा तांदूळ मोजायचा राहून गेला. त्यानंतर जिल्ह्याच्या ज्या ज्या मीटिंगला ते येतात, शंभर मास्तरांतून गौतमला हुडकून हळूच विचारतात, "मास्टारू, रोबो बतिकाडा?" म्हणजे, रोबो वाचला का?

*

प्रमिलानं मल्लण्णाचा नियम सरकारी कचेरीत लागू केला. येणारा प्रत्येक जण सही करायला पेन मागतो आणि खिशाला लावून चालता होतो. प्रमिला पेन देते, पण टोपण काढून स्वतःच्या मुठीत ठेवते. पेन आणा, टोपण घ्या.

नवे साहेब रुजू झाले. पहिल्याच दिवशी तिच्याकडून पेन घेऊन केबिनमध्ये गेले. संध्याकाळी बाहेर आले तर पांढऱ्या शर्टाच्या खिशाखाली हाताच्या तळव्याएवढा निळा डाग. म्हणाले, "मॅडम, टोपण तरी द्यायचं होतं."

प्रमिला म्हणाली, "टोपण इथंच हाये साहेब. पेनच आला नाई."

साहेब आता स्वतःचा पेन आणतात.

*

दिगूला आम्ही कलपुर्जाचा शेवट सांगितला नाही असं समजू नका. सांगितला की. तिघांनी सांगितला.

नववीत असताना दिगूच्या पायाचं ऑपरेशन ठरलं, नागपूरला. आदल्या दिवशी तो बाकावर बसला होता. नखं खात होता. ऑपरेशननंतर चालता येईल की नाही, डॉक्टरनं काही कबूल केलं नव्हतं. मला राहवलं नाही. मी ठोकून दिलं, "मल्लण्णाच्या हातापाया पडून मी पान पाह्यलं. वाचला थो. पाणी वसरल्यावर उभाच होता भगदाडात. लोकायनं त्याले नवीन गुडघा बसवून देल्ला."

दिगूनं तोंडातलं बोट काढलं. मग म्हणाला, "आवाज गेला का मंग?"

"नाई," मी म्हणालो, "आवाज राह्यला थोडासा."

ऑपरेशन चांगलं झालं. लोखंडी बूट सुटला, आवाज थोडासा राहिला. माझ्या जिभेवर त्या दिवशी कोण बसलं होतं देव जाणे.

दहावीला दिगू गणितात नापास झाला तेव्हा गौतमनं त्याला सांगितलं की त्यानंही मल्लण्णाला पटवून ते पान पाहिलंय, आणि कलपुर्जा बुडाला होता पण पोहत पोहत दुसऱ्या गावी निघाला. दिगूच्या लग्नाच्या आदल्या दिवशी प्रमिलानं सांगितलं की पान तिनं डोळ्यांनी पाहिलंय, आणि आकाशकेतू शुद्धीवर येऊन त्याला उडवत नेतो. सविता म्हणजे दिगूची नवरी शेजारीच हळद लावून बसलेली. तिनं विचारलं, "कोण वाचलं? आपल्यातले हायेत का?" प्रमिला म्हणाली, "तुमच्या घरचेच हायेत."

तीन शेवट, तीन तऱ्हा. दिगूनं तिन्ही तितक्याच गंभीरपणे ऐकून घेतले. एकावरही शंका घेतली नाही. मला मनातून वाटायचं, मी तर थाप मारली, पण गौतम मास्तर माणूस, तो कशाला खोटं बोलेल? आणि प्रमिला तर बोलतेच तोलून मापून. त्यांच्यातल्या कोणाचं तरी खरं असणार. त्यांना विचारावं तर माझंच बिंग फुटलं असतं.

*

गेल्या उन्हाळ्यात मल्लण्णानं दुकान बंद करायचं ठरवलं. गुडघे गेले, नजर गेली. मुलगा निजामाबादला असतो, तो घेऊन जाणार होता. रविवारी सकाळी आम्ही चौघं सामान बांधायला गेलो. हवेचा पंप, पाने-पकडी, जुने टायर. सुतळीवरची पुस्तकं मी उतरवली, सुतळीही सोडली, आणि गौतमनं त्यांचे गठ्ठे बांधले. बाहेर भंगारवाल्याचा हातगाडा उभा.

मल्लण्णानं टेबलाखालून एक पत्र्याचा डबा काढला. आत शेवटच्या पानांची चवड, सायकलच्या ट्यूबचं रबर लावून बांधलेली. "हे पण टाका गाड्यावर," तो म्हणाला.

दिगू उभाच्या उभा राहिला. म्हणाला, "अण्णा, त्याच्यातलं एक पान..."

मल्लण्णानं मान वर केली. डोळे अधू झालेले, पण माणूस बरोबर ओळखला. "पुस्तक आणलं?"

मी मध्ये पडलो. "अण्णा, आता दुकानच बंद होऊन राह्यलं. कायचा नियम घेऊन बसले?"

"दुकान संध्याकाळी बंद," मल्लण्णा म्हणाला. "आता उघडं हाये. अंते."

दिगू स्कूटर घेऊन घरी गेला. भंगारवाला घाई करत होता, त्याला प्रमिलानं चहा पाजून बसवून ठेवलं. इतकी वर्षं त्या पानानं डब्यात पडून आमच्या मित्राला सांभाळलं होतं. गौतमचं नि प्रमिलाचंही खरं नसलं, आणि त्यात तो पत्र्याचा माणूस बुडालेला निघाला तर दिगूला कसं सावरायचं, हेच माझ्या डोक्यात घोळत होतं.

दिगू आला. पुस्तकाला शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घातलेलं. मल्लण्णानं ते डोळ्यांजवळ धरलं, अंगठ्याला थुंकी लावून पान न् पान तपासलं. फाटलेला कोपरा पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवलेला पाहून त्याला बरं वाटलं असावं, कारण तो एकदा हुंकारला. मग पुस्तक टेबलावर ठेवून चवडीतून एक पान काढून दिगूपुढे धरलं.

दिगूनं आधी हात पँटला पुसले. पान घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

आम्हाला त्याची पाठ तेवढी दिसत होती. एक पान वाचायला किती वेळ लागतो? पण तो उभाच होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. हसतोय की रडतोय, कळायला मार्ग नव्हता. गौतम पुढे होणार तोच दिगूच्या खिशात फोन वाजला. भिंतीकडे तोंड असतानाच त्यानं तो कानाला लावला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा म्हणाला, "बोला नागरिक, काय कष्ट हाये?"

बोलणं संपवून तो वळला. डोळे ओले होते आणि तोंडभर हसू होतं. पान त्यानं मल्लण्णाला परत दिलं.

"सांग ना बे," गौतम म्हणाला. "वाचला का?"

"तुमाले तं माहीत हाये," दिगू म्हणाला. "तुमी तं पाह्यलं हाये पान. तिघायनंबी."

मल्लण्णा पानांना रबर लावत होता. त्याचा हात थांबला. "यायनं कवा पाह्यलं? पुस्तक आल्याबिगर मी माझ्या बायकोलेबी पान दाखवत नाई."

मी गौतमकडे पाहिलं. गौतमनं प्रमिलाकडे पाहिलं. प्रमिला माझ्याकडेच बघत होती.

"दिगू," शेवटी मीच म्हणालो, "एवढं सांग. वाचला का?"

दिगूनं स्कूटरची किल्ली खिशातून काढली. उत्तर मल्लण्णानं दिलं. "पुस्तक घरी न्या, वाचा, आणून द्या. मंग पान. दुकान संध्याकाळपर्यंत हाये. अंते."

गौतम आणि मी एकदमच हात पुढे केले. टेबल रिकामं होतं. पुस्तक प्रमिलाच्या पर्समध्ये गेलं होतं आणि ती पायऱ्या उतरत होती.

गौतमनं घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तो खाली बसला आणि सकाळपासून बांधलेल्या गठ्ठ्यांच्या गाठी सोडायला लागला. मी सुतळी पुन्हा खिळ्याला बांधली आणि बाहेर जाऊन भंगारवाल्याला सांगितलं, पुढल्या महिन्यात ये.